फास्ट लेन्स घेण्याआधी कॅमेऱ्याचे डोळे तपासा

लायका या जर्मन कंपनीच्या पहिल्या ३५ मिमी कॅमेऱ्याला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तो लोकांसमोर आला होता. शंभरीच्या वर्षातच, ऑक्टोबरात, कंपनीने एम ईव्ही१ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. दिसायला तो एम मालिकेतलाच आहे आणि लेन्सही त्याच बसतात. पण ज्या यंत्रणेमुळे या मालिकेला नाव मिळालं, तो रेंजफाइंडरच, म्हणजे अंतर मोजून फोकस लावायची सोयच, त्यातून काढून टाकलीय. त्या जागी डोळ्याला लावायचा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा आहे.

बातमी वाचून ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारलं, की असं कसं केलं यांनी? त्याचं बरंचसं उत्तर मला एका वेगळ्याच प्रश्नात सापडतं. हा प्रश्न रोलवर फोटो काढायला लागलेली तरुण मुलं मला नेहमी विचारतात: "रेंजफाइंडरला पन्नासची फास्ट लेन्स घ्यायची आहे. एक पॉइंट चार घेऊ, की थोडे पैसे घालून एक पॉइंट एक?" हे आकडे लेन्स किती उजेड आत घेते त्याचे. आकडा जितका लहान तितकी लेन्स भारी, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. रेंजफाइंडरच्या बाबतीत हा हिशेब सरळ चालत नाही. का चालत नाही ते मुळापासून बघू.

रेंजफाइंडर बघतो कसा

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा जागचा हललेला नसतो, तरी मागच्या भिंतीवर तो उडी मारल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान. या उडीवरून अंतर मोजता येतं. रेंजफाइंडर नेमकं हेच करतो.

कॅमेऱ्याला पुढून दोन खिडक्या असतात, म्हणजे दोन डोळेच. एका खिडकीतून तुम्ही थेट बघता. दुसऱ्या खिडकीतलं चित्र आत फिरवून पहिल्याच्या मधोमध एका छोट्या चौकोनात टाकलेलं असतं. फोकस नसेल तेव्हा त्या चौकोनात माणसाला दोन नाकं दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की दुसरं चित्र सरकतं, आणि दोन्ही नाकं एकावर एक बसली की फोकस लागला.

आता यातली मेख लक्षात घ्या. तुम्ही लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागच्या कडेला एक पट्टी असते, तिला कॅम म्हणतात. ती कॅमेऱ्याच्या आतल्या एका चाकाला ढकलते, त्या चाकाने चित्र सरकतं. म्हणजे लेन्स फक्त निरोप धाडते, 'मी आता अमुक अंतरावर आहे'. निरोप चुकीचा असेल किंवा कॅमेऱ्याने तो चुकीचा ऐकला, तर डोळ्याला सगळं जुळलेलं दिसतं आणि फोटो मात्र फसतो. फोकस चुकलाय हे तुम्हाला रोल धुऊन आल्यावर कळतं.

फास्ट म्हणजे नेमकं किती

लेन्सच्या आतलं छिद्र किती मोठं उघडतं ते एफच्या आकड्यावरून कळतं. ५० मिमीला, म्हणजे पन्नासच्या लेन्सच्या फोकल लांबीला, एफच्या आकड्याने भागा. एफ २ ला छिद्र २५ मिमीचं, एफ १.४ ला साधारण ३६ मिमीचं आणि एफ १ ला पूर्ण ५० मिमीचं. छिद्र मोठं म्हणजे उजेड जास्त, उजेड जास्त म्हणजे शटर लवकर मिटवता येतं. म्हणून तिला 'फास्ट' म्हणायचं.

एफ २ वरून १.४ वर आलात तर उजेड दुप्पट. १.४ वरून १ वर आलात तर पुन्हा दुप्पट. पण १.५ आणि १.४ यांच्यात फरक पंधराएक टक्क्यांचाच, तो फोटोत दिसत नाही. या दोन आकड्यांवरून जे वाद होतात त्यात वेळ घालवू नका.

घरात रात्री दिवे लावलेत, रोल ४०० आयएसओचा आहे (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील तो आकडा), अशा वेळी एफ २ वर शटर साधारण १/३० सेकंदाला येतं. एफ १.४ वर १/६०, एफ १ वर १/१२५. पन्नासची लेन्स हातात धरून बहुतेकांना १/६० निभतं, १/३० ला श्वास रोखावा लागतो. म्हणजे एफ १.४ ची खरी कमाई ही, की घरातल्या उजेडात हात हलण्याची भीती जाते. त्यापुढचा प्रत्येक आकडा महाग होत जातो, आणि महाग फक्त पैशात नाही.

तीन सेंटिमीटरची जागा

छिद्र मोठं केलं की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. पन्नासची लेन्स, माणूस एक मीटरवर. एफ २.८ ला सुमारे साडेसहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. एफ २ ला साडेचार, एफ १.४ ला जेमतेम तीन, एफ १ ला सव्वादोन. हे आकडेही पोस्टकार्डापेक्षा थोड्या मोठ्या छापील फोटोसाठी. स्कॅन करून संगणकावर मोठं करून बघितलं तर जागा याहून कमी.

सव्वादोन सेंटिमीटर म्हणजे किती? समोरच्याचा चेहरा जरा वळलेला असेल तर एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतही तो पट्टा पुरत नाही. आणि समोरचा माणूस श्वास घेतो, बोलता बोलता पुढे झुकतो. तुम्हीही फोकस लावून झाल्यावर चौकट नीट करायला कॅमेरा किंचित फिरवता, कारण रेंजफाइंडरचा चौकोन फक्त मधोमध असतो. त्यात एखादा सेंटिमीटर सहज जातो.

दोन डोळ्यांतलं अंतर

आपले दोन डोळे एकमेकांच्या अगदी शेजारी असते तर अंगठ्याची उडी दिसलीच नसती. रेंजफाइंडरचंही तसंच. दोन खिडक्या जितक्या लांब, तितकं अंतर अचूक कळतं. शिवाय व्ह्यूफाइंडर, म्हणजे आपण डोळा लावतो ती खिडकी, चित्र किती लहान करून दाखवतो, त्यावरही अवलंबून असतं. खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मोठेपण, या गुणाकाराला आपण 'पाया' म्हणू. लेन्स घेण्याआधी माहीत हवा तो हा आकडा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

१९५४ च्या लायका एम३ मध्ये खिडक्यांमधलं अंतर ६८.५ मिमी आणि व्ह्यूफाइंडर ०.९१ पट. पाया आला ६२ मिमी. माणसाच्या दोन बुबुळांतलं अंतरही सरासरी इतकंच भरतं. हा योगायोग मला फार आवडतो. एम३ डोळ्याला लावला की वस्तू जवळजवळ तेवढ्याच दिसतात आणि आपलीच नजर कॅमेऱ्यात उतरल्यासारखी वाटते. नंतरच्या ज्या एम कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर ०.७२ पट आहे, त्यांचा पाया ५० मिमीच्या आसपास. कॅनन ७ चा ४७. कोसिनाने बनवलेल्या फोक्टलेंडर बेसा आर२ए चा मात्र २६ मिमी, कारण खिडक्यांमध्ये ३७ मिमी अंतर आणि व्ह्यूफाइंडर ०.७ पट. त्याचंच भावंड आर३ए, त्याचा व्ह्यूफाइंडर पूर्ण १ पट म्हणून पाया ३७.

२६ मिमीच्या पायावर एफ १ ची लेन्स चालते का? कागदावर जेमतेम चालते, तेही कॅमेरा आणि लेन्स दोन्ही अगदी बिनचूक जुळलेले असतील तर. चूक पोटात घालायला जागाच उरत नाही. एम३ वर तीच लेन्स सुखाने नांदते. म्हणून मी म्हणतो, रेंजफाइंडरची लेन्स एकटी घ्यायची नसते, जोडी बघायची असते. पत्रिका दोघांच्याही मांडा.

फोकस जागा सोडतो तेव्हा

आता जरा अवघड भाग, पण जुन्या लेन्सचं सगळं आकर्षण इथेच आहे.

१९३२ मध्ये त्साइस या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी एफ १.५ ची सोनार लेन्स घडवली. तेव्हा लेन्सवर चढवायचा थर, म्हणजे कोटिंग, अजून यायचा होता. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत फिरायचा आणि फोटोत पांढरट धुकं यायचं. बेर्टेलेंनी सात काचा घेतल्या, पण एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट केले. हवेला भेटणारे पृष्ठभाग उरले फक्त सहा. म्हणून सोनारचे फोटो त्या काळात इतके खणखणीत यायचे. पुढे कोटिंग आल्यावर ही गरज संपली. तरीही सोनारचं ते मऊ, गोलसर चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही, इतकं की त्साइसने या शतकात सी सोनार ५० मिमी एफ १.५ नव्याने काढली.

पण या रचनेत एक खोड आहे. छिद्र पूर्ण उघडं असताना फोकस एका जागी असतो, आणि ते थोडं मिटवलं, म्हणजे एफ २ किंवा २.८ केलं, की तो मागे सरकतो. आरशाच्या कॅमेऱ्यात किंवा पडद्यावर तुम्ही निदान लेन्समधून बघत असता. रेंजफाइंडरला याचा पत्ताच नसतो, कारण कॅमला छिद्र किती उघडं आहे ते कळत नाही. म्हणून बनवणाऱ्याला ठरवावं लागतं की फोकस कुठल्या आकड्यावर अचूक ठेवायचा. नव्या सी सोनारचे सुरुवातीचे नग एफ २.८ ला जुळवलेले होते, पुढे १.५ ला जुळवून यायला लागले. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याला हे विचारा. त्याला सांगता आलं नाही तर स्वतः तपासा, कसं ते खाली येतंच आहे.

नव्या रचनांमध्ये ही खोड बरीच आटोक्यात आली. लायकाच्या २००४ च्या समिलक्स ५० मिमी एफ १.४ लेन्समध्ये आतला काचांचा एक गट फोकसबरोबर वेगळा सरकतो, त्यामुळे जवळचं चित्रही स्वच्छ राहतं.

"पण आता आयएसओ वाढवता येतो ना!"

येतो. डिजिटल एम वापरणाऱ्याला आयएसओ ६४०० ला सुरेख फोटो मिळतो, आणि केवळ उजेडासाठी फास्ट लेन्स घ्यायचं कारण त्याच्यापुरतं जवळजवळ उरलेलं नाही. मग उरतो तो मागचं सगळं विरघळवून टाकण्याचा मोह. तो खोटा नाही. दिवेलागणीला माणसामागच्या पणत्यांचे मोठे मऊ गोळे होतात, त्याची भूल मलाही पडते.

रोल वापरणाऱ्याचं गणित वेगळं. ४०० चा रोल एकदा घातला की छत्तीस फोटो तोच. रात्री उजेड कमी पडतो आणि दुपारी उलटंच होतं. आपल्याकडच्या उन्हात ४०० च्या रोलला एफ १६ आणि १/४०० च्या आसपास लागतं. एम३ चं सगळ्यात जलद शटर १/१०००, म्हणजे तुम्ही एफ ११ वर बांधले गेलात. तुमची एफ १.१ ची लेन्स दुपारभर एफ ११ ची म्हणूनच मिरवणार. ती उघडी वापरायची तर पुढे गडद काच लावावी लागते.

उन्हावरून आठवलं, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एम३ सारख्या कॅमेऱ्यात आरसा नसतो आणि शटर कापडाचं असतं. फास्ट लेन्स उघडी ठेवून कॅमेरा गळ्यात, लेन्सचं तोंड सूर्याकडे, असं चाललात तर भिंगाने कागद जाळतो तसं शटरला भोक पडतं. मग पुढच्या प्रत्येक फोटोवर पांढरा ठिपका. टोपण लावा किंवा छिद्र एफ १६ ला मिटवून ठेवा.

"पण काळोखातला चांगला फोटो फास्ट लेन्सशिवाय कसा निघेल?"

३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीत बिर्ला हाउसच्या फाटकापाशी नेहरूंनी गांधीजींच्या हत्येची बातमी जमावाला सांगितली. तो क्षण फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपला. त्यांची सवय लायका आणि ५० मिमी लेन्सची. दिव्याचा उजेड, वर उभे असलेले नेहरू, खाली डोकी. चित्र धूसर आहे, कडा हललेल्या आहेत. तो फोटो एकदा बघितलेला माणूस विसरत नाही, आणि त्यात अमुक रेषा धारदार नाही याची आठवणही कोणाला होत नाही. फास्ट लेन्स नकोच असं मला म्हणायचं नाही. पण काळोख आणि माणूस यांच्यामध्ये फक्त एफचा आकडा उभा आहे, असं समजून कर्ज काढू नका.

वजन आणि अडलेली खिडकी

लायकाची समिक्रॉन ५० मिमी एफ २ साधारण २४० ग्रॅमची. नॉक्टिलक्स एफ ०.९५ तब्बल ७०० ग्रॅमची, म्हणजे एम६ कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षाही जड. मोठ्या काचेची लेन्स जाड असते आणि व्ह्यूफाइंडरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तिचं डोकं येतं. तुम्हाला चौकटीचा तेवढा कोपरा दिसतच नाही. तिथे कोणाचा हात आहे, कोणाची चप्पल आहे, ते नंतर कळतं. समिक्रॉन लावून दिवसभर फिरल्यावर मानेला काही वाटत नाही. रेंजफाइंडर ज्यासाठी घेतला ते हलकेपण असं एका लेन्सपायी घालवणं मला पटत नाही.

जुनी घ्यावी का?

जरूर घ्यावी, पण टॉर्च घेऊन जा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा, छिद्र पूर्ण उघडा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आरशावर श्वास सोडल्यासारखं धुरकट दिसलं तर आतलं ग्रीस उडून काचेवर बसलंय. १९५० च्या दशकातल्या फास्ट लेन्समध्ये हे धुरकटपण नेहमी आढळतं, आणि ते काचेत मुरलेलं असेल तर पुसून जात नाही. दोन-चार धुळीचे कण असले तर खुशाल घ्या, फोटोवर त्यांचा परिणाम होत नाही.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने लेन्स चामड्याच्या डब्यात ठेवू नका, बुरशीला ते माहेर. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत वीस-पन्नास रुपयांचा नव्हे तर जरा बरा आर्द्रतामापक, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत. यावर खर्च झालेले पैसे लेन्सच्या किमतीत धरा.

पन्नासच्या रशियन ज्युपिटर लेन्स स्वस्त मिळतात. त्या सोनारच्याच वंशातल्या आणि चित्र गोड देतात, पण पुष्कळ नग जवळच्या अंतरावर लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाहीत. चिनी सेव्हन आर्टिझन्सच्या ५० मिमी एफ १.१ चा कॅम मालकाला स्वतः सरकवून जुळवता येतो. ही सोय मोठी आहे, मात्र जुळवायचा कंटाळा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मग घेऊ कोणती?

कॅमेऱ्याचा पाया चाळिशीच्या खाली असेल आणि माणसांचे जवळून फोटो काढायचे असतील, तर एफ २. त्साइसची प्लानार किंवा लायकाची समिक्रॉन, दोन्हींत वाईट काही नाही. पाया पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असेल आणि संध्याकाळी घरात, देवळात, नाटकाच्या विंगेत फोटो काढायचे असतील, तर एफ १.५ किंवा १.४. इथे फोक्टलेंडरची नॉक्टॉन १.५ मला पैसे वसूल करणारी वाटते. जुनं हवं तर आट्यांची कॅनन ५० मिमी एफ १.४, ती एका पातळ रिंगने एम कॅमेऱ्यावर बसते. एफ १.२ च्या खालच्या लेन्स त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे एक पन्नासची आधीच आहे आणि ती दोन-तीन वर्षं वापरून झाली आहे. किंवा ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक पडदा आहे त्यांच्यासाठी. त्यांना खुद्द लेन्समधूनच दिसतं, कॅमच्या निरोपावर विसंबावं लागत नाही. एम ईव्ही१ चं मोल मला तिथेच कळतं.

एका संध्याकाळची तपासणी

मी एफ १.१ ची एक वापरलेली लेन्स घेतली होती, बेसा आर३ए साठी. चिपळूणला मावशी खिडकीत बसून तांदूळ निवडत होती, उजेड उतरत आलेला. लेन्स पूर्ण उघडी, मावशी एका मीटरवर, दोन्ही डोळे चौकोनात चोख जुळवलेले. "झालं का रे तुझं? मान अवघडली माझी." रोल धुऊन आला तेव्हा कानातल्या कुडीचे मोती मोजता येत होते आणि डोळे धुक्यात होते. अकराच्या अकरा फोटोंत तसंच.

तुम्ही लेन्स घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी एवढं करा. आधी लांबचा टॉवर बघा. रिंग अनंतावर टेकवली की चौकोनातली दोन चित्रं जुळलीच पाहिजेत. जुळत नसतील तर तुमची दुसरी लेन्स लावून बघा. तिलाही तसंच झालं तर दोष कॅमेऱ्याचा. मग टेबलावर शिंप्याची टेप लांबवर पसरा, कॅमेरा स्टँडवर ठेवून पंचेचाळीस अंशांत वरून रोखा आणि एक मीटरवरच्या एका आकड्यावर फोकस लावा. रोल नसताना मागचं झाकण उघडा, फिल्म सरकते त्या रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर धरून ठेवा, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं, आणि भिंगाने बघा. कुठला आकडा स्पष्ट आहे ते लगेच दिसतं. हेच एफ २ आणि २.८ ला पुन्हा करा, म्हणजे फोकस सरकतो का तेही कळेल.

माझ्या लेन्समध्ये स्पष्ट आकडा पाच सेंटिमीटर मागे निघाला. कारागिराकडून कॅम जुळवून घेतला आणि गणपतीत पुन्हा चिपळूणला गेलो. तीच खिडकी, तसाच उतरता उजेड. या वेळी एफ २ ठेवला, शटर १/३०, कोपरं टेबलावर टेकवली. मावशी तांदळातून खडा वेचत होती. तिचे डोळे, चष्म्याची कड आणि चिमटीतला खडा, सगळं त्या साडेचार सेंटिमीटरांत मावलं.